ह्यूस्टन का हरले? – एका सामन्याची कारणमीमांसा

खेळात हार-जीत चालायचीच, असे आपण म्हणतो आणि विषय संपवतो. संघ जिंकला तर खेळाडूंचे कौतुक होते. हरला तर ‘आज नशीब नव्हते’ एवढे बोलून सगळे घरी जातात. इतिहासाच्या तासाला मात्र आपण असे करीत नाही. १७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा पराभव का झाला, या प्रश्नाला ‘नशीब’ असे एका शब्दाचे उत्तर लिहिले तर सर गुण देणार नाहीत. रसदेचा तुटवडा, सैन्याबरोबरचे बुणगे व यात्रेकरू, उत्तरेत मित्रांचा अभाव अशी कारणे आपण क्रमाने मांडतो. मग खेळातल्या पराभवाचाही तसाच अभ्यास का करू नये?

या विचाराने मी महाविद्यालयीन बास्केटबॉलमधला एक प्रसिद्ध पराभव अभ्यासासाठी निवडला. अमेरिकेतील ह्यूस्टन विद्यापीठाचा संघ ४ एप्रिल १९८३ रोजी तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाकडून ५४–५२ असा हरला. या सामन्याचे चित्रण मी मोबाइलवर तीन वेळा पाहिले आणि दर वेळी कागद-पेन्सिल घेऊन बसले.

प्रथम माझ्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मी द्वितीय वर्ष कला वर्गात अर्थशास्त्र हा विषय घेऊन शिकते. मी बास्केटबॉल खेळत नाही. महाविद्यालयाच्या मुलींच्या संघाचे गुणपत्रक लिहिण्याचे काम गेल्या वर्षापासून माझ्याकडे आहे. आमच्या गावात कबड्डीचे मैदान आहे, बास्केटबॉलचे नाही. त्यामुळे रिंग आणि बोर्ड मी पाहिले ते इथे आल्यावरच. पण गुणपत्रक लिहिणाऱ्याचा एक फायदा असतो. सामन्यातला आरडाओरडा दुसऱ्या दिवशी विसरला जातो, कागदावरच्या खुणा मात्र राहतात. हा लेख त्या खुणांच्या आधाराने लिहिलेला आहे.

सामन्याची पार्श्वभूमी

बास्केटबॉल हा खेळ डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे शोधून काढला. कडाक्याच्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घरात खेळता यावे हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे हा खेळ जन्मापासूनच महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा आहे. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा १९३९ साली सुरू झाली आणि १९८३ साली तिच्यात ५२ संघ उतरले होते.

त्या वर्षी ह्यूस्टनचा संघ देशात पहिल्या क्रमांकावर होता. अंतिम सामन्यापर्यंत त्याने ३१ सामने जिंकले होते व केवळ २ गमावले होते. अकीम ओलाजुवान आणि क्लाइड ड्रेक्सलर हे त्याचे दोन मोठे खेळाडू पुढे जगप्रसिद्ध झाले. ओलाजुवान (पुढे त्याने आपले नाव ‘हकीम’ असे लिहिले) मूळचा नायजेरियातील लागोस शहराचा. किशोरवयाची बरीच वर्षे त्याने बास्केटबॉल हाती धरलेला नव्हता, ही गोष्ट माझ्यासारखीला विशेष वाटते. वेगाने धावणे, उंच उडी मारणे आणि चेंडू वरून थेट रिंगमध्ये दडपणे, ज्याला ‘डंक’ म्हणतात, हा या संघाचा खेळ होता. या डंकवरूनच त्या संघाला ‘फाय स्लामा जामा’ असे गमतीचे नाव पडले होते. उपांत्य सामन्यात त्यांनी लुईव्हिल विद्यापीठाला ९४–८१ असे हरवले होते. हा ९४ आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.

दुसरीकडे नॉर्थ कॅरोलायना स्टेट, ज्याला यापुढे मी नुसते ‘स्टेट’ म्हणेन, हा संघ त्या वर्षी १० सामने हरलेला होता. त्यांचे प्रशिक्षक होते जिम वाल्व्हानो. ह्यूस्टनचे प्रशिक्षक गाय लुईस हे १९५६ पासून त्या संघाला शिकवीत होते. अंतिम सामना कोण जिंकणार याविषयी फारशा कुणाला शंका नव्हती.

सामना कसा झाला

सामना न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की या गावी झाला. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ५१०० फूट उंचीवर आहे. म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षा उंच आणि कळसूबाईच्या शिखरापेक्षा थोडेसेच खाली. इतक्या उंचीवर हवा विरळ असते आणि धावणाऱ्याला लवकर धाप लागते.

पूर्वार्धात स्टेटने सावकाश व सावध खेळ करून मध्यंतराला ३३–२५ अशी आघाडी घेतली. ड्रेक्सलरवर मध्यंतरापूर्वीच चार फाउल लागले होते. पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो, त्यामुळे त्याच्या खेळावर बंधन आले. संपूर्ण सामन्यात त्याला केवळ ४ गुण करता आले.

उत्तरार्ध सुरू होताच ह्यूस्टनचा खरा खेळ दिसला. त्यांनी १७ गुण केले आणि त्या काळात स्टेटला फक्त २ करू दिले. ३३–२५ असे मागे असलेला संघ ४२–३५ असा पुढे गेला. सामना इथेच संपला असे कुणालाही वाटले असते.

पण याच वेळी ह्यूस्टनने आपला वेग कमी केला. धावून हल्ला करण्याऐवजी चेंडू बाहेरच्या बाहेर फिरवायचा, घड्याळ पुढे जाऊ द्यायचे आणि आघाडी राखायची, असे त्यांनी ठरवले. त्या काळी अमेरिकन महाविद्यालयीन खेळात ठरावीक सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे असा नियम नव्हता, त्यामुळे असे करणे नियमाला धरून होते. स्टेटने यावर एक उपाय शोधला. ह्यूस्टनच्या खेळाडूंवर मुद्दाम फाउल करायचा आणि त्यांना फ्री थ्रोच्या रेषेवर उभे करायचे. ह्यूस्टनचे फ्री थ्रो चुकू लागले, स्टेटचे लांबचे फटके पडू लागले आणि धावफलक ५२–५२ असा झाला. शेवटचे मिनिट जवळ आले असताना ह्यूस्टनचा आल्विन फ्रँकलिन फ्री थ्रोवर उभा राहिला. पहिलाच फ्री थ्रो चुकला. चेंडू स्टेटकडे गेला. त्यांनी शेवटच्या क्षणापर्यंत तो फिरवला. डेरेक व्हिटनबर्ग याने फार लांबून टाकलेला चेंडू रिंगपर्यंत पोहोचलाच नाही. पण तो खाली येत असताना लोरेन्झो चार्ल्स याने हवेतच पकडून वरून रिंगमध्ये घातला. ५४–५२. घड्याळ संपले.

दैवाचा भाग किती?

या सामन्याविषयी बोलताना बहुतेक लोक त्या शेवटच्या क्षणाबद्दलच बोलतात. एक चुकलेला फटका दुसऱ्याच्या हातात बरोबर पडतो, याला नशीब नाही तर काय म्हणायचे? हे म्हणणे अगदीच खोटे नाही. चेंडू हातभर इकडे पडता तर सामना जादा वेळेत गेला असता.

परंतु इथे एक प्रश्न विचारला पाहिजे. १७ विरुद्ध २ असा खेळ केलेला संघ शेवटच्या सेकंदाला बरोबरीत का होता? नशिबाने फार तर शेवटचे दोन गुण दिले. त्याआधीची सात गुणांची आघाडी नशिबाने खाल्ली नाही. आपण शेवटचा क्षण पाहतो कारण तो डोळ्यांत भरतो. कारणे मात्र बहुधा त्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी, कुणाचे फारसे लक्ष नसताना घडून गेलेली असतात.

फ्री थ्रोचे गणित

त्या सामन्यात ह्यूस्टनला १९ फ्री थ्रो मिळाले आणि त्यांपैकी १० पडले. हे प्रमाण शेकडा ५३ च्या आसपास आहे. या आकड्याचा अर्थ समजण्यासाठी ‘वन अँड वन’ हा नियम समजून घ्यावा लागेल. एका अर्धात संघाचे ठरावीक फाउल झाले की पुढच्या साध्या फाउललाही फ्री थ्रो मिळतो. पण पहिला पडला तरच दुसरा टाकायला मिळतो. पहिला चुकला तर दुसरा गेलाच, शिवाय चेंडू खेळात आला.

समजा शेकडा ५३ प्रमाण असलेल्या संघावर असे १०० फाउल झाले. पहिले ५३ फ्री थ्रो पडतील. त्यामुळे दुसरे ५३ टाकायला मिळतील आणि त्यांतले सुमारे २८ पडतील. एकूण गुण झाले ८१. आता शेकडा ८० प्रमाण असलेला संघ घ्या. त्याचे पहिले ८० आणि दुसरे ६४, एकूण १४४ गुण होतील. उलट, साधा हल्ला करून निम्मे फटके पाडणारा संघ १०० फटक्यांत दोन-दोनप्रमाणे १०० गुण करतो.

ह्यूस्टनच्या सगळ्याच १९ फ्री थ्रोना हा नियम लागू नव्हता, म्हणून हे गणित केवळ समजण्यापुरते घ्यावे. तरी त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चांगले फ्री थ्रो टाकणाऱ्या संघावर फाउल करणे म्हणजे त्याला गुण दान करणे होय. पण ज्याचे फ्री थ्रो कच्चे आहेत त्याच्यावर फाउल करणे हा त्याला रोखण्याचा स्वस्त मार्ग ठरतो. शिवाय फाउल होताच घड्याळ थांबते. म्हणजे वेळ काढण्यासाठी ह्यूस्टनने जी चाल केली, तिचा वेळच स्टेटने काढून घेतला.

स्टेटचा हा उपाय त्या दिवशी अचानक सुचलेला नव्हता. याच स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात पेपरडाइन विद्यापीठाविरुद्ध ते हरण्याच्या बेतात होते. तेथेही प्रतिस्पर्ध्यांवर फाउल करून, त्यांच्या चुकलेल्या फ्री थ्रोंच्या आधाराने ते वर आले आणि दोन जादा डावांनंतर ६९–६७ असे जिंकले. पुढे नेवाडा-लास व्हेगासला ७१–७० आणि व्हर्जिनियाला ६३–६२ असे एकेका गुणाने हरवले. शेवटच्या दोन मिनिटांत कसे खेळायचे याचा अभ्यास या संघाने स्पर्धेतच केला होता. स्टेटच्या विजयाला ‘चमत्कार’ म्हणणे म्हणजे त्यांच्या मेहनतीवर अन्याय करणे आहे.

चाल चूक होती की परकी होती?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आघाडी घेतल्यावर वेग कमी करणे ही चूकच होती, असे सरसकट म्हणता येईल काय? मला तसे वाटत नाही. गाय लुईस यांनी आपल्या कारकिर्दीत ह्यूस्टनला पाच वेळा राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत नेले आणि २०१३ साली त्यांचा समावेश बास्केटबॉलच्या गौरव दालनात झाला. अशा अनुभवी माणसाने अविचाराने निर्णय घेतला असे म्हणणे धाडसाचे होईल. ओलाजुवान विरळ हवेत दमला होता, ड्रेक्सलर पाचव्या फाउलच्या काठावर होता. शिवाय ही चाल त्या काळी रूढ होती. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांची ‘फोर कॉर्नर्स’ ही चेंडू राखण्याची पद्धत नावाजलेली होती. १९८२ साली त्यांच्या संघाने तिच्या मदतीने आपल्या विभागाचा अंतिम सामना व्हर्जिनियाविरुद्ध ४७–४५ असा जिंकला होता.

पण ती पद्धत चालायला दोन गोष्टी लागतात: चेंडू हातात सुरक्षित ठेवणारे खेळाडू आणि फाउल झाल्यास हमखास पडणारे फ्री थ्रो. ह्यूस्टनजवळ दुसरी गोष्ट नव्हती. त्यांच्याजवळ वेग होता, उडी होती, उपांत्य सामन्यात ९४ गुण करणारी धडक होती. वेग कमी करताच त्यांचे बळ मैदानाबाहेर गेले आणि उणीव मैदानात आली. तीसुद्धा केव्हा आणि कुणाची आणायची, हे ठरवण्याचा अधिकार प्रतिस्पर्ध्याला मिळाला. अंतिम सामन्यात ह्यूस्टनचे ५२ गुण झाले, दोन दिवसांपूर्वीपेक्षा ४२ कमी. ओलाजुवानने त्या सामन्यात २० गुण केले, १८ रिबाउंड घेतले आणि संघ हरूनही स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. तेव्हा ह्यूस्टनमध्ये बळ नव्हते असे नाही. आघाडीवर असताना त्यांनी स्वतःचा खेळ सोडून दुसऱ्याचा खेळ उचलला, हे माझ्या मते पराभवाचे मूळ कारण होय.

सुट्टीत घरी गेल्यावर हा सामना मी आबांना मोबाइलवर दाखवला. आबांनी कधी बास्केटबॉल पाहिलेला नाही, पण तरुणपणी ते गावच्या कबड्डी संघात होते. ह्यूस्टन चेंडू फिरवू लागले तेव्हा ते म्हणाले, “ही तर रिकामी चढाई झाली.” कबड्डीत पुढे असलेला संघ असेच करतो. चढाईपटू जातो, निदान रेषा ओलांडतो, कुणाला न शिवता परत येतो आणि वेळ निघून जातो. पण कबड्डीत वेळ काढणाऱ्याला विरोधी संघ फ्री थ्रोवर उभा करू शकत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारले, “पुढं होते ना गं ते? मग थांबायला सांगितलं कुणी?” मी पुस्तकी भाषेत जे सांगायला दोन पाने घेतली, ते त्यांनी एका वाक्यात विचारले होते.

खेळाच्या नियमांनीही पुढे हाच प्रश्न विचारला, असे म्हणता येईल. अमेरिकन महाविद्यालयीन खेळात १९८५-८६ च्या हंगामापासून ४५ सेकंदांत चेंडू टाकण्याचे बंधन आले. पुढे ते ३५ आणि २०१५-१६ पासून ३० सेकंदांवर आले. आपण खेळतो त्या आंतरराष्ट्रीय नियमांत ही मर्यादा २४ सेकंदांची आहे. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीतही दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद, असा नियम आहे. पुढे असलेल्याने नुसते थांबून राहू नये, असे दोन्ही खेळांना वाटले.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. २०२५ साली ह्यूस्टन पुन्हा अंतिम सामन्यात होते, उत्तरार्धात चांगले पुढे होते आणि फ्लोरिडाकडून ६५–६३ असे, पुन्हा दोनच गुणांनी, हरले. म्हणून ‘या संघाच्या कपाळीच लिहिले आहे’ असे कुणी म्हणेल. पण बेचाळीस वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन पराभवांत खेळाडू वेगळे, प्रशिक्षक वेगळे, नियमही वेगळे होते. प्रत्येक पराभवाचे गुणपत्रक स्वतंत्रपणे वाचले पाहिजे. निष्कर्ष आधी ठरवून आकडे मागाहून शोधले तर तो अभ्यास होत नाही.

आपल्यासाठी

या वर्षी आपल्या मुलींचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तिसऱ्या डावाअखेर पुढे असूनही हरला. परतीच्या एस.टी.त सगळ्या ‘नशीब’ म्हणत होत्या. माझ्याजवळच्या गुणपत्रकात मात्र चौथ्या डावात मिळालेल्या फ्री थ्रोंपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी रिकामे वर्तुळ आहे. आपल्या नियमांत डावातील पाचव्या फाउलपासून दोन फ्री थ्रो मिळतात, ‘वन अँड वन’ नाही. तेव्हा आपले नुकसान ह्यूस्टनपेक्षा कमी व्हायला हवे होते. त्या मुली अंगात त्राण असेपर्यंत लढल्या हे मी जवळून पाहिले आहे. म्हणूनच त्यांची हार ‘नशीब’ म्हणून सोडून द्यावीशी वाटत नाही. सरावाच्या सुरुवातीला, ताजेतवाने असताना फ्री थ्रो टाकण्याऐवजी सरावाच्या शेवटी, दमल्यावर टाकावेत आणि प्रत्येकीचा रोजचा आकडा लिहून ठेवावा, अशी माझी नम्र सूचना आहे. लिहिण्याचे काम मी करीन.

आणखी एक विचार मनात येतो तो मांडून लेख संपवते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. पहिल्या वर्षाचा निकाल चांगला लागला तेव्हा काही नातेवाईक म्हणाले, “एवढं शिकली ते पुष्कळ झालं, आता जपून राहावं.” त्यांच्या म्हणण्यात माया आहे हे मला कळते. माझ्यासारख्या अनेक जणी या वर्गांत बसतात आणि त्यांनाही हेच ऐकावे लागते. पुढे गेल्यावर थांबणे सुरक्षित वाटते खरे. पण थांबल्यावर पुढची खेळी कोणती, हे आपल्याऐवजी दुसरे ठरवू लागतात. ज्या मेहनतीने इथवर आलो तीच मेहनत पुढे चालू ठेवणे, हाच आघाडी राखण्याचा खरा उपाय आहे. मला तृतीय वर्ष पूर्ण करायचे आहे आणि त्यानंतर एम. ए. करायचे आहे. आबांनी अजून ‘थांब’ म्हटलेले नाही.

आपल्या पराभवाकडे नशिबाचा शिक्का मारून न पाहता कारणांच्या दृष्टीने पाहण्याची सवय आपल्या मैदानाला आणि वर्गालाही लागली, तर हा लेख लिहिण्याचा उद्देश सफल झाला असे मी समजेन.